श्योकवरचा पूल आणि कर्नल रिंचेन

दोन वर्षांपूर्वी मित्रांसोबत नुब्राला बाइकवर गेलो होतो. तुर्तुकला जाताना श्योक नदी जवळजवळ सगळी वाट सोबत होती. तिच्या नावाचा अर्थ ‘मृत्यूची नदी’ असं तिकडे सांगतात. याच नदीवर, पण बरंच वरच्या अंगाला, दारबुक ते दौलत बेग ओल्डी रस्त्यावर एक पूल आहे : कर्नल चेवांग रिंचेन सेतू. लांबी साधारण 400 मीटर. 21 ऑक्टोबर 2019 ला राजनाथ सिंहांनी उद्घाटन केलं. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की श्योक फुगते आणि हा रस्ता तुटायचा, म्हणून तो पूल.

आता रिंचेन कोण? नुब्रातल्या सुमूर गावचा मुलगा. 1948 मध्ये घुसखोर लडाखमध्ये शिरले, लेहला धोका झाला, तेव्हा हा सतरा वर्षांचा. गावातली पोरं गोळा करून ‘नुब्रा गार्ड्स’मध्ये लढला आणि महावीर चक्र मिळालं. त्या वयात मी बारावीच्या क्लासला दांडी मारत होतो, ते सोडा.

खरी गंमत 1971 ची. डिसेंबरात मेजर रिंचेन लडाख स्काउट्स आणि नुब्रा गार्ड्सच्या जवानांना घेऊन श्योकच्या खोऱ्याने खाली निघाले. आधी रात्रीत चढून एक शिखर घेतलं. शिखराला नाव नाही, नुसती उंची : पॉइंट 18402. फुटांत बरं का! मग चालुंका, तुर्तुक, त्याक्षी. दुसऱ्यांदा महावीर चक्र. दोनदा ते मिळालेले आपल्याकडे अगदी मोजके आहेत.

मी कोड लिहितो, त्यामुळे नावांबद्दल जरा हट्टी आहे. पुलांना नावं देतात ती बहुतेकदा दिल्ली-मुंबईत ठरलेली, त्या जागेशी संबंध नसलेली. इथे तसं झालं नाही. माणूस याच खोऱ्यातला, लढला याच नदीकाठी. पण नकाशावर आणि बातम्यांत मात्र अजून ‘डीबीओ रोडवरचा पूल’ असंच चालतं. मीही घरी आल्यावर फोटोखाली तेच लिहिलं होतं, ‘श्योक, तुर्तुककडे जाताना’. रिंचेन 1997 मध्ये गेले, पूल त्यांनी पाहिला नाही. फोटोखालची ओळ मी काल रात्री बदलली.