व्हरमाँटच्या फायली

एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी तपासली, तर गुण सारखे पडतील का? डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकन अभ्यासकांनी १९१२ साली हे मोजूनच पाहिले. इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती त्यांनी अनेक शाळांकडे तपासायला पाठवल्या. १४२ शाळांकडून गुण आले. एकाच पत्रिकेला कुणी पन्नाशीत गुण दिले होते, तर कुणी नव्वदच्या वर. 'भाषा विषयात असे व्हायचेच', असे कुणीही म्हणेल. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे तफावत आणखीच वाढली! सर्वांत कमी गुण होते २८, तर सर्वांत जास्त नव्वदच्या वर.

पुढे पर्यायी उत्तरांच्या चाचण्यांचा अमेरिकेत जो प्रसार झाला, त्यामागे ही तफावत हे एक कारण होते. बरोबर पर्यायावर खूण केली की गुण मिळाला. तपासणारा कोणीही असो. पण हा उपायही महाग पडला. खूण करणारे मूल स्वतःचा परिच्छेद लिहू शकते का, गणित सोडवताना कुठे अडते, हे त्यातून कळेना. शिवाय परीक्षेत जे विचारतात, तेच वर्गात शिकवले जाऊ लागले.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट या छोट्या राज्याने वेगळा मार्ग धरला. १९९०-९१ मध्ये काही शाळांत आणि १९९१-९२ पासून राज्यभरात चौथी व आठवीच्या मुलांच्या वर्षभराच्या कामाच्या फायली, म्हणजे पोर्टफोलिओ, मूल्यमापनासाठी घेतल्या जाऊ लागल्या. गणिताच्या फायलीत मुलाने सोडवलेल्या पाच ते सात उत्तम प्रश्नांची कामे असत. लेखनाच्या फायलीत निरनिराळ्या प्रकारचे लेखन असे, आणि त्यातले सर्वांत चांगले आपण कोणते निवडले व का, हे सांगणारे मुलाचे स्वतःचे पत्रही असे. प्रत्येक निकषावर चार पायऱ्यांच्या मापाने श्रेणी दिली जाई.

रँड या संशोधन संस्थेतर्फे डॅनियल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाची तपासणी केली. दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे दिलेल्या श्रेणी किती जुळतात, हे त्यांनी सहसंबंधाच्या गुणांकाने मोजले. हा गुणांक १ आला तर मेळ पूर्ण, ० आला तर मेळ नाहीच. १९९२ मध्ये तो सरासरीने ०.३३ ते ०.४३ इतकाच निघाला. म्हणजे मुलाची श्रेणी त्याच्या कामाइतकीच, किंबहुना जास्तच, फाइल कुणाच्या हाती पडली यावर ठरत होती. ज्या हेतूंनी श्रेणी दिल्या, त्यांतल्या बहुतेकांसाठी त्या वापरता येईनात. पुढच्या वर्षी गणितात बरीच सुधारणा झाली, लेखनात मात्र थोडीच.

असे का झाले? निकष नेमके नव्हते आणि शिक्षकांचा सराव अपुरा होता. प्रत्येक फाइलमधली कामे वेगळी होती, त्यामुळे त्यांना एकच माप लावणे कठीण होते. कुठे शिक्षक मुलाला पुष्कळ मदत करीत, कुठे मुळीच नाही.

मग प्रयोग फसला असे म्हणायचे का? त्याच तपासणीत दुसरीही गोष्ट दिसली. गणिताच्या वर्गात उदाहरणे घोटण्याऐवजी प्रश्न सोडवण्याला आणि उत्तर समजावून सांगण्याला जास्त वेळ मिळू लागला होता. काम खूप वाढले, अशी तक्रार होती. तरीही हे ओझे उचलण्याजोगे आहे, असे अनेक मुख्याध्यापकांचे मत पडले. फाइल शिकवण्याला उपयोगी पडत होती. मुलांची वा शाळांची क्रमवारी लावताना मात्र ती अपुरी पडत होती.

हा अनुभव आपल्याही कामाचा आहे. शिक्षणहक्क कायद्यानंतर महाराष्ट्राने २०१० साली पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. निरीक्षण, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने त्यात आली आणि मुलांच्या कामाच्या फायली वर्गात आल्या. पण फाइल तपासणीपुरती सजवायची, रंगीत कागद आणि कोरीव अक्षर पाहून गुण द्यायचे, हा धोका तेव्हापासूनच सोबत आहे.

म्हणून फाइल करताना काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक कागदावर तारीख असावी. विज्ञानाच्या प्रयोगाची पहिली चुकलेली नोंद फेकू नये. सुधारलेल्या नोंदीशेजारीच ठेवावी, कारण शिकणे दिसते ते या दोहोंमधल्या अंतरात. मदत कुणी किती केली, ते लिहावे. मुलाने स्वतः निवड करून कारण दोन ओळींत सांगावे. आणि वर्षातून एकदा पाच फायली शेजारच्या वर्गाच्या शिक्षकाला द्याव्यात, आपण दिलेल्या श्रेणी न दाखवता. दोघांच्या श्रेणी जिथे जुळणार नाहीत, तिथे निकषांवर बोलायला बसावे. त्या चर्चेला तास-दोन तास लागतील, पण श्रेणी मुलाच्या कामावरूनच पडते आहे की नाही, ते त्यातून कळेल.