औषधदान : देह आणि मन यांच्या आरोग्याची परंपरा

जैन आचारधर्मात श्रावकासाठी आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. आहारदानाचे महत्त्व घराघरांत परिचित आहे. ज्ञानदानाची साक्ष पाठशाळा आणि ग्रंथभांडारे देतात, तर अभयदान जीवदयेच्या कार्यातून प्रकट होते. औषधदान मात्र पुष्कळदा दवाखान्याला दिलेल्या देणगीपुरतेच समजले जाते. परंपरेने त्याचा अर्थ याहून व्यापक मानला आहे. रानातून आणलेली वनस्पती, ती शोधून, निवडून, कुटून औषध सिद्ध करणारे हात आणि ते औषध घेऊन आजाऱ्याजवळ बसणारा माणूस, या तिन्हींचा समावेश औषधदानात होतो. देहाची व्याधी आणि मनाची व्यथा यांचा विचार या परंपरेत एकत्रच केला गेला आहे.

शहागंज ही छत्रपती संभाजीनगरची, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादची, जुनी बाजारपेठ. घड्याळाचा मनोरा ही तिची खूण. १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. त्या राज्यात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता आणि आयुर्वेदाची वैद्यपरंपराही लोकांत नांदत होती. दोन्ही शास्त्रांची परिभाषा वेगळी असली, तरी वनस्पती बऱ्याच अंशी त्याच होत्या. हरडा, बेहडा आणि आवळा मिळून वैद्यांचा ‘त्रिफळा’ होतो. हकिमांच्या ‘इत्रीफल’ या कल्पाचे नाव या त्रिफळ्यावरूनच पडले. अशा मिश्र संस्कृतीच्या शहरात व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या जैन कुटुंबांपुढे आजारपणात एक प्रश्न सदैव उभा असे. औषध गुणकारी आहे, हे खरे. पण ते आपल्या व्रतात बसते का?

व्रत आणि व्याधी

हा प्रश्न किरकोळ नाही. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग हा श्रावकाच्या मूलगुणांचा भाग आहे. अनेक आयुर्वेदीय औषधे मधाच्या अनुपानासह घेतली जातात. च्यवनप्राशासारख्या प्रसिद्ध अवलेहातही मध असतो. आसव आणि अरिष्ट या कल्पांत आंबवण्याच्या क्रियेने मद्यांश आपोआप निर्माण होतो. कंदमुळे वर्ज्य असल्याने ताजे आले चालत नाही. सूर्यास्तानंतर औषधाचा घोट घेणेही कित्येकांच्या नियमात बसत नाही. आधुनिक काळात यात आणखी एका गोष्टीची भर पडली. औषधी कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते.

परंतु ज्या परंपरेने हे निर्बंध घातले, तिनेच त्यांतून मार्गही काढले. आल्याऐवजी वाळलेली सुंठ, मधाऐवजी गूळ, तूप किंवा कोमट पाणी, आसवाऐवजी ताजा काढा, अशी योजना घरोघरी रूढ झाली. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटू, अडुळसा व ज्येष्ठमधाचा काढा, गुळवेल, तुळस ही घरगुती औषधे व्रताला बाधा न आणता देता येतात. शुद्ध आहाराचे नियम कटाक्षाने पाळणाऱ्या घरांत दळलेल्या पदार्थांची मर्यादा ऋतूप्रमाणे ठरलेली असते. पिठासाठी ती पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मानली जाते. त्यामुळे अशा घरांत औषधी चूर्णही थोडे थोडे आणि ताजे करण्याची सवय पडली. दमट हवेत चूर्णाला बुरशी व कीड लवकर लागते, हे लक्षात घेता या नियमामागील दक्षता सहज ध्यानात येते.

उग्रादित्याचार्य आणि ‘कल्याणकारक’

अहिंसेच्या चौकटीत संपूर्ण चिकित्साशास्त्र बसू शकते का, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर नवव्या शतकातील उग्रादित्याचार्यांनी दिले. जैन परंपरेत वैद्यकाला ‘प्राणावाय’ म्हणतात. चौदा पूर्वांपैकी बारावे पूर्व याच नावाचे आहे. या परंपरेचा आज उपलब्ध असलेला प्रमुख ग्रंथ म्हणजे उग्रादित्याचार्यांचा संस्कृत ‘कल्याणकारक’. पूज्यपाद, पात्रस्वामी, सिद्धसेन, मेघनाद अशा पूर्वसूरींनी वैद्यकाच्या निरनिराळ्या अंगांवर ग्रंथ लिहिल्याचा उल्लेख त्यात येतो. त्यांपैकी बहुतेक ग्रंथ काळाच्या ओघात लुप्त झाले. म्हणून ‘कल्याणकारका’चे मोल अधिकच वाढते.

या ग्रंथाच्या शेवटी ‘हिताहित’ नावाचा अध्याय आहे. रोगनिवारणासाठी मांस आवश्यक आहे, हे मत खोडून काढणारे हे विवेचन नृपतुंग राजाच्या सभेत विद्वान वैद्यांसमोर केले, असे ग्रंथातच नमूद आहे. हा नृपतुंग म्हणजे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष पहिला, असे अभ्यासक मानतात. त्याची कारकीर्द इ.स. ८१४ ते ८७८ अशी दीर्घ होती आणि ‘आदिपुराण’कार जिनसेनाचार्य हे त्याचे गुरू होते. शहागंजपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेणी याच राष्ट्रकूट युगाची साक्ष देतात. तेथील बाहुबलींच्या शिल्पात ध्यानस्थ देहावर वेली चढलेल्या दिसतात. ज्या युगात हे शिल्प घडले, त्याच युगात वेलींच्या औषधी गुणांवर आधारलेली हिंसारहित चिकित्सा राजसभेत मांडली गेली, ही बाब या परिसरातील समाजाला अभिमान वाटावा अशीच आहे.

‘कल्याणकारका’त स्वास्थ्याचे दोन प्रकार मानले आहेत. अग्नी, धातू व दोष समतोल असणे आणि मन व इंद्रिये प्रसन्न असणे, हे व्यवहार-स्वास्थ्य. सर्व कर्मांच्या क्षयाने मिळणारे आत्यंतिक सुख, हे पारमार्थिक स्वास्थ्य. यांतील पहिल्याच व्याख्येत मनाच्या प्रसन्नतेला स्थान दिले आहे, ही गोष्ट महत्त्वाची. पचन सुधारले, ताप उतरला, पण मन खिन्न राहिले, तर आचार्यांच्या दृष्टीने तो मनुष्य अद्याप निरोगी झालेला नाही.

या अमोल ग्रंथाला मुद्रित रूप मिळाले ते महाराष्ट्रातच. पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी त्याचे संपादन व हिंदी अनुवाद केला आणि १९४० मध्ये सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून तो प्रसिद्ध झाला. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचे हे ज्ञान एका व्यापारी शहरातील दानशूरतेमुळे सर्वांना खुले झाले. ज्ञानदान आणि औषधदान यांचा असा संगम विरळाच.

मागू न शकणाऱ्याचे औषध

औषधदानाची कसोटी लागते ती साधूंच्या आजारपणात. बावीस परीषहांत रोग हाही एक परीषह आहे. साधूने तो समभावाने सहन करावा, औषधाची याचना करू नये, अशी अपेक्षा असते. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. औषधही त्याच वेळी देता येते. ती वेळ टळली, तर दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच करता येत नाही. त्यामुळे साधूची प्रकृती ओळखणे, वैद्याला विचारणे आणि शुद्ध काढा योग्य वेळी सिद्ध ठेवणे, ही सर्व जबाबदारी श्रावकावर येते. जो मागत नाही, त्याचे दुःख आपण होऊन ओळखावे लागते.

देह आणि व्रत यांतील हा ताण आचार्य समंतभद्रांच्या कथेत फार उत्कटतेने येतो. त्यांना भस्मक व्याधी जडली. खाल्लेले अन्न क्षणात भस्म व्हावे, अशी ती अतृप्त क्षुधा होती. मुनिचर्या पाळणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची अनुज्ञा मागितली. गुरूंनी ती दिली नाही. त्यांच्या हातून धर्माचे मोठे कार्य व्हायचे आहे, हे ओळखून, वेष बाजूला ठेवून आधी रोग शमवावा, अशी आज्ञा त्यांनी केली. व्याधी शमल्यावर समंतभद्रांनी पुन्हा दीक्षा घेतली, असे परंपरा सांगते. देहाची उपेक्षा हा धर्म नव्हे, हा बोध या कथेतून मिळतो.

याच समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त दानाची उदाहरणे देताना औषधदानासाठी वृषभसेनेचे नाव घेतले आहे. प्रभाचंद्रांच्या टीकेत तिची कथा येते. वृषभसेना ही एका श्रेष्ठीची कन्या. तिच्या स्नानाच्या पाण्यात पडलेला एक रोगी कुत्रा बरा झाला. ते पाहून दाईने तेच पाणी आपल्या आईच्या डोळ्यांना लावले आणि तिचा नेत्ररोग नाहीसा झाला. हे सामर्थ्य तिला कोठून लाभले, याचे उत्तर तिच्या पूर्वजन्मात आहे. त्या जन्मी ती नागश्री नावाची मुलगी होती आणि मंदिर झाडण्याचे काम करीत असे. ध्यानस्थ मुनी वाटेतून उठत नाहीत, म्हणून संतापून तिने सारा केर त्यांच्यावर लोटला. सकाळी राजाने त्या ढिगाऱ्यातून मुनींना बाहेर काढले. आपण काय केले, हे उमगताच नागश्री पश्चात्तापाने पोळली. तिने मुनींच्या वेदनेवर औषध दिले आणि मनोभावे त्यांची शुश्रूषा केली.

कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी तिचे मर्म उरतेच. औषधाने मुनींची वेदना शमली. पण ते औषध देताना नागश्रीचा क्रोध आणि अपराधाचे शल्यही शमले. म्हणूनच तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हे अभ्यंतर तपात गणले आहे आणि सेवेस पात्र असलेल्या दहा जणांत ‘ग्लान’ म्हणजे आजारी साधूचा स्पष्ट निर्देश आहे. शुश्रूषा ही रुग्णावर केलेली मेहेरबानी नव्हे. ती करणाऱ्याच्याही मनाची चिकित्सा आहे.

आयुर्वेदही वेगळे सांगत नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि रुग्णाविषयी अनुराग असावा, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे जिव्हाळा ही चिकित्सेची पुरवणी नसून तिचा एक आधारस्तंभच होय. मनाच्या विकारांवर ज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी हे उपाय चरकाने सांगितले आहेत. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी अशा वनस्पती वैद्य मनाच्या अस्वास्थ्यात योजतात. पण धीर देणाऱ्या माणसाची जागा कोणतीही वनस्पती घेऊ शकत नाही.

मात्रेचे भान

वनस्पती निरुपद्रवीच असतात, असा समज मात्र शास्त्राला मान्य नाही. सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. भारतीय वैद्य ही मुळी परंपरेने उन्माद आणि निद्रानाश यांवर वापरीत. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग उन्माद व रक्तदाबात होतो, हे प्रसिद्ध केले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष मांडले आणि या मुळीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. देहाचा रक्तदाब उतरवणारे आणि मनाचा क्षोभ शमवणारे हे औषध जगभर गेले. परंतु ते घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये तीव्र उदासीनता दिसल्याचे अहवालही त्याच दशकात येऊ लागले.

अलीकडचे उदाहरण गुळवेलीचे. करोनाच्या साथीत घरोघरी तिचा काढा घेतला गेला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताचा विकार नोंदवला. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वादाचा निर्णय तज्ज्ञ करतील. परंतु वनस्पतीची अचूक ओळख, मात्रा, कालावधी आणि चालू असलेल्या इतर औषधांची माहिती यांवाचून काढा घेऊ नये, एवढा धडा सर्वांसाठी पुरेसा आहे. दीर्घकाळ टिकणारी उदासीनता किंवा निद्रानाश असल्यास वैद्य आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घेण्यात कोणताही कमीपणा नाही. समंतभद्रांच्या गुरूंनीही शिष्याला रोग लपवायला सांगितले नाही; आधी तो बरा कर, असेच सांगितले.

जटामांसी हिमालयात आता दुर्मीळ झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. ज्या धर्माने वनस्पतिकायातही जीव मानला, त्याच्या अनुयायांनी औषधासाठी वनस्पती घेतानाही विवेक आणि काटकसर पाळावी, हे ओघानेच येते.

शहागंजचा बाजार आज पुष्कळ बदलला आहे. औषधे आता तयार पाकिटांतून मिळतात आणि रुग्णालये हाकेच्या अंतरावर आली आहेत. तरीही घरात एकटे पडलेले वृद्ध, दीर्घ आजाराने खचलेले रुग्ण, आपले दुःख बोलून न दाखवणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. न मागणाऱ्याचे दुःख ओळखण्याची जी सवय साधुसेवेने समाजाला लावली, ती त्यांच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल पर्वावर औषधाबरोबर काही वेळ आणि चार धीराचे शब्द देण्याचा संकल्प घराघरांत व्हावा. उग्रादित्याचार्यांच्या ‘कल्याणकारक’ या नावाची सार्थकता त्यातच आहे.