डॉक्टर डूलिटलच्या कथांतील विनोद : त्याची व्याप्ती आणि मर्यादा

प्राण्यांना वाचा देणे ही कथावाङ्मयातील फार जुनी योजना होय. पंचतंत्रातील कोल्हा, कावळा व सिंह मनुष्यवाणीने बोलतात आणि त्यांच्या मुखाने नीतिशास्त्र बोलते. लोककथांतून एखाद्या पुरुषास पशुपक्ष्यांची भाषा कळते; परंतु ती वराने किंवा मंत्रसामर्थ्याने. मनुष्याने वही घेऊन बसावे आणि विद्यार्थ्याच्या नम्रतेने पोपटिणीकडून ती भाषा शिकावी, ही कल्पना मात्र निराळी आहे. इंग्रजी बालवाङ्मयात तिला ठसठशीत रूप दिले ते ह्यू लॉफ्टिंग याने, १९२० साली प्रसिद्ध झालेल्या डॉक्टर डूलिटलच्या पहिल्या कथेत.

लॉफ्टिंगचा जन्म १८८६ साली इंग्लंडमधील मेडनहेड येथे झाला. तो व्यवसायाने स्थापत्य अभियंता असून, रेल्वेच्या कामानिमित्त पश्चिम आफ्रिका व क्यूबा येथे राहिलेला होता. पहिल्या महायुद्धात आयरिश गार्ड्स या पलटणीतून तो फ्रान्सच्या रणभूमीवर गेला. खंदकातून आपल्या लहान मुलांना काय लिहावे, हा त्याच्यापुढील प्रश्न होता; कारण खरी वार्ता मुलांना सांगण्याजोगी नव्हती. अशा वेळी त्याचे लक्ष सैन्यातील घोड्यांकडे गेले. जखमी शिपायावर शस्त्रक्रिया होई, तर जखमी घोड्याच्या वाट्यास बंदुकीची गोळी येई. ब्रिटिश सैन्याचे पशुवैद्यक पथक त्या काळी अस्तित्वात होते व त्याने असंख्य घोडे बरेही केले, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. तथापि लॉफ्टिंगच्या मनावर उमटलेला ठसा अन्यायाचाच होता. घोड्यावर नीट उपचार करावयाचे तर वैद्याला घोड्याची भाषा आली पाहिजे, हा विचार त्यातून निघाला आणि पत्रांतून डॉक्टर डूलिटल अवतरला.

या उगमामुळेच कथेतील विनोदास विशिष्ट दिशा लाभली आहे. नांगरास जुंपला जाणारा एक घोडा डॉक्टरकडे येतो. पलीकडच्या पशुवैद्याने सहा आठवडे त्याच्या पायांवर औषधे केलेली असतात. वस्तुतः घोड्याची एका डोळ्याची दृष्टी जात चाललेली असते व त्याला हवा असतो चष्मा. पशुवैद्याचा दोष अज्ञानाचा नव्हे, तर रोग्यास कधीही न विचारण्याचा आहे. हा प्रसंग वाचून मूल हसते ते घोड्याच्या नाकावरील चष्म्याला. पण हास्याचा खरा विषय मनुष्याची घमेंड हाच असतो. पॉलिनेशिया ही पोपटीण डॉक्टरला शिकविते की प्राणी केवळ तोंडाने बोलत नाहीत; कान, नाक, शेपूट, पाय या साऱ्यांची त्यांची भाषा असते. म्हणजे येथे जादूची जागा अभ्यासाने घेतली आहे आणि ऐकून घेणे हीच खरी विद्या ठरली आहे.

या विद्येची परीक्षा मात्र त्याच पुस्तकात होते आणि तीत लेखक उणा पडतो. माकडांची साथ बरी करण्यासाठी डॉक्टर आफ्रिकेत जातो, तेव्हा वाटेत जोलिगिंकीचा राजा त्याला कैद करतो. राजाचे कारण ऐकण्यासारखे आहे. पूर्वी एक गोरा मनुष्य आला, त्याचे आपण आदरातिथ्य केले. परंतु त्याने भूमी खणून सोने नेले, हस्तिदंतासाठी हत्ती मारले आणि आभाराचा शब्दही न बोलता तो निघून गेला, असे तो सांगतो. पश्चिम आफ्रिकेच्या वसाहतकालीन इतिहासाचे याहून संक्षिप्त निवेदन बालवाङ्मयात क्वचितच सापडेल. हे गाऱ्हाणे लेखकाने स्वतःच लिहिले. पण लिहून तो पुढे निघून गेला. कथेत राजा विदूषकच राहतो.

राजपुत्र बम्पोचा प्रसंग याहूनही क्लेशदायक आहे. परीकथा वाचून वेडावलेल्या या तरुणास आपला चेहरा गोरा व्हावा असे वाटते, कारण काळ्या चेहऱ्यामुळे परीकथेतील राजकन्या त्याला पाहून पळाली, असे तो म्हणतो. डॉक्टर औषधांच्या मिश्रणाने त्याचे मुख गोरे करतो आणि मोबदल्यात सुटका मिळवितो. पुढे त्याला थोडी खंत वाटते खरी. परंतु वाचकाने हसावयाचे ते बम्पोला, हे ठरलेलेच आहे. घोड्याच्या प्रसंगात हास्य सामर्थ्यवानाकडे वळलेले होते. येथे ते दुर्बळाकडे वळले. उंदराची भाषा शिकणारा डॉक्टर जोलिगिंकीत कोणती भाषा बोलली जाते, हा प्रश्नसुद्धा विचारीत नाही.

लॉफ्टिंगची दृष्टी तेथेच थिजली होती असे मात्र म्हणता येत नाही. १९२२ साली निघालेल्या व १९२३ चे न्यूबेरी पदक मिळविणाऱ्या दुसऱ्या पुस्तकात लाँग ॲरो नावाचा आदिवासी निसर्गशास्त्रज्ञ येतो. डॉक्टर त्याला आपणाहून श्रेष्ठ मानतो. दोघांची प्रथम भेट होते तेव्हा एकाची बोली दुसऱ्यास येत नाही. अखेर दोघांनाही अवगत असलेल्या गरुडांच्या भाषेत त्यांचा संवाद सुरू होतो. माणसाला माणसाशी जोडणारा दुवा येथे पक्षी होतो. पहिल्या पुस्तकातील उणीव जणू येथे ओळखली गेली आहे. तथापि त्याच पुस्तकात बेटावरील लोक या पाहुण्यालाच राजा करतात, आणि इंग्लंडमधील विद्यापीठात शिकणारा बम्पो मोठमोठे शब्द भलत्याच ठिकाणी वापरून हशा पिकवितो. संस्कारांची पकड एकाच लेखनात कशी सुटते व पुन्हा कशी आवळते, याचा हा बोलका पुरावा होय.

१९४७ साली लॉफ्टिंगचे निधन झाले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत या कथांतील वर्णभेदावर कठोर टीका झाली. १९८८ साली त्याचा पुत्र ख्रिस्तोफर याच्या संमतीने सुधारित आवृत्त्या निघाल्या व त्यांतून बम्पोच्या गोरेपणाचा प्रसंग वगळण्यात आला. मृत लेखकाच्या ग्रंथास हात लावावा काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे. येथे दोन वाचकांत भेद करणे इष्ट होय. आपल्या कातडीचा उपहास निमूटपणे वाचण्याची सक्ती कोणत्याही बालकावर करणे योग्य नाही. त्याच्या हाती सुधारित प्रत असावी. अभ्यासकाच्या हाती मात्र मूळ प्रत राहिलीच पाहिजे. कारण ती नाहीशी झाली तर दोषाबरोबर दोषाचा पुरावाही नाहीसा होतो.

युद्धात मुक्या प्राण्याची वेदना ज्याने ऐकली, त्याच लेखकाला बोलत्या माणसाचे गाऱ्हाणे लिहूनही ऐकू आले नाही. डॉक्टर डूलिटलचा मोठेपणा आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच कसोटीवर उतरतात, आणि ती कसोटी लॉफ्टिंगने स्वतःच घालून दिलेली आहे : उपचारापूर्वी रोग्यास विचारावे.