फसलेला ट्रॅक्टर काढताना होणाऱ्या इजा

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी या भागांत भारी काळी जमीन आहे. पाणी पडले की ही माती फुगते, चाकाला चिकटते आणि चाक आत ओढून धरते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर किंवा वावरात ट्रॅक्टर फसणे ही रोजची गोष्ट असल्याने तो काढण्याचे काम कोणी धोक्याचे मानत नाही. पण या कामातल्या इजा बहुधा मोठ्या असतात.

ट्रॅक्टर मागे का उलटतो?

मागची चाके घट्ट रुतली की इंजिनाची ताकद चाक फिरवू शकत नाही. मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचे धडच आसाभोवती फिरू लागते आणि पुढची चाके उचलली जातात. साधारण पाऊण सेकंदात परतीची वेळ निघून जाते आणि दीड सेकंदाच्या आसपास ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येतो. क्लच दाबायचे सुचेपर्यंत सगळे संपलेले असते, मग चालक कितीही जुना असो.

म्हणूनच मागच्या चाकांना साखळीने लाकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर पुढे काढण्याचा प्रयत्न करू नका. ओंडका अडला की चाक जागीच थांबते आणि वरची गोष्ट घडते. आधी ट्रॉली सोडवा, चाकांपुढचा-मागचा चिखल फावड्याने काढा आणि रिव्हर्समध्ये हळूच प्रयत्न करा. नाही निघाला, तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा. ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा. टॉपलिंकच्या जागी किंवा आसाला बांधली, तर मदतीला आलेलाच ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. पुढचा भाग उचलू नये म्हणून बोनेटवर माणसे बसवणे तर कधीच नको.

दोर किंवा साखळी तुटली तर

ताणलेल्या नायलॉनच्या दोरात गुलेलीच्या रबरासारखी ताकद साठते. दोर तुटला किंवा हूक निसटला की तो लोखंडी तुकडा घेऊन परत येतो. डोळा फुटणे, जबडा किंवा कवटी मोडणे हे त्यातूनच होते. झटका देऊन ओढल्यास साखळीची कडीही तुटते. दोर जितका लांब, त्याच्या दीडपट अंतरावर बघ्यांनी थांबावे. मुलांना तर तिथून घरीच पाठवावे. ताणलेला दोर ओलांडू नका. हूक लावताना दोन्ही ट्रॅक्टर बंद असावेत. बोटे सहसा तिथेच सापडतात.

अपघात झाल्यावर

ट्रॅक्टरचे इंजिन बंद करा आणि १०८ ला फोन करा. गावाचे नाव सांगून भागत नाही. कोणत्या पांदणीवर, कोणत्या फाट्यापासून आत, तेही सांगा आणि एका माणसाला फाट्यावर उभे करा.

अडकलेल्याचे तोंड चिखलात असेल, तर आधी नाकातोंडातला चिखल काढा. छाती दबलेली असेल तर वजन लगेच हटवायला हवे, नाहीतर श्वास थांबतो. मांडी किंवा पाय तासाभराहून जास्त वेळ दबलेला असेल, तर गोष्ट थोडी वेगळी आहे. चेंगरलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि इतर द्रव्ये, वजन हटताच रक्तात एकदम येतात. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी किती वेळ दबला आहे हे १०८ ला आधीच सांगा. शक्य असेल तर सलाईन सुरू झाल्यावर पाय मोकळा केला जातो. नंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर डॉक्टरांना तातडीने कळवा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दाबून धरा. हळद, चहापत्ती, माती नको. हातापायाचे रक्त तरीही थांबत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट बांधा आणि वेळ लिहून ठेवा. सुतळी किंवा तार वापरू नका. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ते खराब होते. डोळ्याला मार असेल तर तो चोळू किंवा दाबू नका, वर कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावा. मान-पाठ दुखत असेल किंवा पाय हलत नसतील, तर धोक्याची जागा नसेल तोवर उचलू नका. पाणी किंवा चहा पाजू नका. शस्त्रक्रिया लागू शकते.

स्टिअरिंग पोटात लागलेला माणूस उठून चालू लागतो, घरी जाऊन झोपतोही. पोटातला अवयव फाटल्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात: पोट किंवा डावा खांदा दुखणे, घेरी, थंड घाम, लघवीत रक्त. त्याला त्याच दिवशी दाखवा.

रुग्णालयात

जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात प्रथमोपचार होऊन मोठी इजा सहसा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात पाठवली जाते. शेतातल्या चिखलाने भरलेली जखम बऱ्याचदा लगेच शिवत नाहीत. धुऊन, मेलेले स्नायू काढून काही दिवस उघडी ठेवतात. नातेवाईक यावर रागावतात, पण आत जंतू कोंडले गेले तर पाय गमवावा लागू शकतो. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले ते आठवून सांगा.

जखमी शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती असेल, तर रुग्णालयातील नोंदीची प्रत जपून ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू किंवा अवयव गमावल्यास मदत मिळते आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करताना ही कागदपत्रे लागतात.