एकाच तिजोरीवरचा संघ

लष्करात मोहीम आखताना आधी विचारायचे, रसद किती दिवस पुरेल? आज हाच प्रश्न फुटबॉल क्लबांना विचारू.

पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी कापडगिरणीने १९७१ मध्ये संघ उभारला. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग त्यानेच जिंकली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये ही लीग जिंकली आणि २००८ मध्ये आम्हा फौजींच्या जिव्हाळ्याचा ड्युरँड करंडकही. पण २०१० मध्ये महिंद्राने संघ बंद केला, २०११ मध्ये जेसीटीने. मैदानावर त्यांना कोणी संपवलं नाही. तो निर्णय कंपनीच्या कचेरीत झाला.

तिकिटं आणि प्रक्षेपणातून मिळकत नगण्य. पगार, प्रवास, सराव सगळं मालकाच्या खात्यातून. लीगला प्रसिद्धी मिळत नाही, असं कारण जेसीटीने दिलं. म्हणजे जाहिरातीचा उपयोग संपला की संघही संपला.

जर्मनीत १९९८ पासून क्लबची कंपनी करता येते, पण काही अपवाद सोडता निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहतात. दर हंगामाआधी हिशेब तपासूनच परवाना मिळतो. तरीही उधळपट्टीमुळे बोरुसिया डॉर्टमुंड २००५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचला होता. म्हणजे मालकी कोणाचीही असो, खर्च मिळकतीत बसवावाच लागतो.

आपल्या आवडत्या क्लबने करंडक किती जिंकले हे जरूर मोजा. पण मालकाने उद्या हात काढून घेतला तर तो किती महिने तग धरेल, हेही विचारा. जय हिंद!