खाऱ्या पाण्यातली मगर कुठं राहते? आपल्या नदीतली कोणती?
ठाण्यात नौपाड्याजवळच खाडी आहे, तिवरंही आहेत. पण खाऱ्या पाण्यातली मगर आज इथं नाही. तिचा अधिवास ओडिशातलं भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमान-निकोबार. जिभेवरच्या ग्रंथींतून ती जादा मीठ बाहेर टाकते. पावसाळ्यात पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते.

पवई तलाव, महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी, सांगलीची कृष्णा इथं दिसते ती गोड्या पाण्यातली मगर. ही उन्हाळ्यात काठावर खड्डा करून अंडी घालते. कधी निमखाऱ्या पाण्यातही उतरते, म्हणून गैरसमज होतो.

धोका हिच्यापासूनही आहेच. कपडे धुताना, गुरं पाण्यावर नेताना सावध राहा. मगर दिसली तर दगड मारू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं दोन्ही मगरींना संरक्षण आहे.