तळटीप १७ : फोर्क आणि पाइप

१७. फोर्क, पाइप : युनिक्स व लिनक्स या संगणकप्रणालींतील दोन सोयी. 'फोर्क' चालू प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत, म्हणजे 'चाइल्ड प्रोसेस', तयार करतो. उत्तरादाखल प्रतीला ० मिळतो आणि मूळ प्रोग्रॅमला प्रतीचा क्रमांक. 'पाइप' एकाचे आउटपुट थेट दुसऱ्याला पोचवतो. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्प्सन यांनी तो १९७३ साली युनिक्समध्ये आणला. अकोल्याच्या जिनिंगमधली रुई पुढे प्रेसिंगला जाते, तसाच हा प्रकार : प्रेस थांबली की जिनिंगही तुंबते. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६४ किलोबाइट मावतात. वाचणारा उचलत नसेल, तर लिहिणारा खोळंबतो. वाचणाऱ्याने स्वतःकडचे लिहिण्याचे टोक बंद केले नाही, तर मजकूर संपल्याचे त्याला कळतच नाही.

लेखकाचा अमरावतीत लिनक्सवर चाललेला प्रोग्रॅम अकोल्यात विंडोजवर अडला, कारण विंडोजच्या नेहमीच्या एपीआयमध्ये फोर्क नाही. तिथे 'क्रिएटप्रोसेस'ने नवा प्रोग्रॅम मुळापासून सुरू करावा लागतो. दोन्हीकडे एकच कोड चालावा म्हणून आता पायथनचे 'सबप्रोसेस' (आवृत्ती २.४, २००४) किंवा क्यूटीचे 'क्यूप्रोसेस' वापरतात. मजकुरातील 'विद्यापीठ' म्हणजे १ मे १९८३ रोजी स्थापन झालेले, आजचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. अकोला जिल्हाही त्याच्याच कक्षेत येतो. — संपा.